फोन ऐकवण्यासाठी की ऐकून घेण्यासाठी?

बीएड करताय? किंवा पुढे करायचा विचार आहे? मग खरं सांगा, तुमचं शेवटचं पाठ टाचण तुम्ही स्वतः लिहिलं होतं का? लाजू नका, मीही लिहिलं नव्हतं. २०२२ च्या नोव्हेंबरात चॅटजीपीटी आलं आणि आपलं काम सोपं झालं. इयत्ता, विषय, घटक टाकला की उद्दिष्टांपासून गृहपाठापर्यंत सगळं अर्ध्या मिनिटात तयार. वहीत उतरवायचं तेवढं आपण करायचं.

असंच एक टाचण घेऊन मी आंतरवासितेच्या काळात चोपडा तालुक्यातल्या एका शाळेत सहावीच्या वर्गावर उभा राहिलो. पाठ होता पिकांचा. प्रोजेक्टर चालू केला. आसामचे चहाचे मळे, पंजाबातला गहू, काश्मीरची सफरचंदं, एकाहून एक झकास चित्रं. वर्ग चिडीचूप. मला वाटलं, जिंकलं आपण! तास संपताना मागच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, ‘‘सर, यामा केळी का नही?’’

खिडकीबाहेर केळीची बाग होती. वर्गातल्या निम्म्या पोरांचे आईवडील त्या वेळी अशाच कुठल्यातरी बागेत कामावर होते. आणि जळगाव जिल्ह्यात, केळीच्या मुलखात, मी पिकांचा पाठ केळीचं नावही न घेता शिकवला होता.

चूक यंत्राची होती का? अर्धीच. ही यंत्रं शिकतात ती इंटरनेटवर आधीपासून लिहिलेल्या मजकुरातून. ज्याबद्दल जगानं भरपूर लिहिलंय, तेच उदाहरण ती आधी पुढे करतात. चहाच्या मळ्यांवर भरपूर लिहिलंय. चोपड्याच्या बागेत घड वाहणाऱ्या बाईबद्दल कोणी लिहिलंय? अहिराणी, लेवा गणबोली, पावरी या बोलींत इंटरनेटवर किती मजकूर सापडतो, ते स्वतःच शोधून बघा. म्हणजे यंत्रानं दिलेलं टाचण जसंच्या तसं वापरलं, तर खान्देशातल्या पोराला त्याच्याच वर्गात पाहुण्यासारखं बसावं लागतं. उरलेली अर्धी चूक माझी. मी खिडकीबाहेर बघितलंच नाही.

आता जरा मोठं चित्र बघू. तंत्रज्ञान शाळेत आणण्यात आपण खान्देशी मागे होतो असं कोणी म्हणत असेल, तर त्याला धुळ्याचं उदाहरण सांगा. २०१५ नंतरच्या दोन-तीन वर्षांत धुळे जिल्हा परिषदेच्या सुमारे १,१०० शाळा डिजिटल झाल्या. मूळचे धुळ्याचे आणि अमेरिकेत बँकिंग क्षेत्रात काम करणारे हर्षल विभांडिक त्यासाठी गावोगाव फिरले आणि गावांनी वर्गणी काढली. शेतकरी, मजूर अशा लोकांनी आपल्या पोरांच्या शाळेसाठी खिशात हात घातला. ही साधी गोष्ट नाही.

पण पडदा भिंतीवर लागला की काम संपत नाही, तिथून सुरू होतं. वीजबिल कोणी भरायचं, बिघडलेला संच कोणी दुरुस्त करायचा, हे प्रश्न जिल्हा परिषद शाळांना नवे नाहीत. त्याहून मोठा प्रश्न वेगळा आहे. पडद्यासमोर बसलेलं मूल नेमकं काय करतं? ते बघतं. आधी सरांकडे बघायचं, आता पडद्याकडे बघतं. फळा बदलला, मुलाचं काम तेच राहिलं.

घरातल्या फोनचंही तसंच. २०२४ चा ‘असर’ अहवाल सांगतो की ग्रामीण भारतात १४ ते १६ वयाच्या ८२ टक्के मुलामुलींना स्मार्टफोन वापरता येतो. त्यांच्यापैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात तो अभ्यासाच्या कुठल्यातरी कामासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी सोशल मीडियासाठी. म्हणजे फोन चालवायला शिकवण्याची गरज फारशी उरलेली नाही. त्यातून स्वतःचं काहीतरी तयार करायला शिकवणं, हे काम शिल्लक आहे. आणि ते उद्या तुमच्या-माझ्याकडेच येणार आहे.

इथे आपल्याच मातीतल्या दोन गोष्टी आठवतात. आसोद्याच्या बहिणाबाई चौधरींना लिहिता-वाचता येत नव्हतं. त्यांची गाणी कोणी लिहून घेतली? मुलगा सोपानदेव आणि घरातल्या माणसांनी. १९५१ मध्ये त्या गेल्या आणि दुसऱ्या वर्षी ती गाणी पुस्तकात आली. आज आपल्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. दुसरी गोष्ट धुळ्याच्या तुरुंगातली. १९३२ मध्ये विनोबा तिथे गीतेवर बोलत आणि अमळनेरच्या प्रताप हायस्कूलचे एकेकाळचे मास्तर, म्हणजे साने गुरुजी, ते लिहून घेत. त्यातूनच ‘गीता प्रवचने’ हे पुस्तक उभं राहिलं.

दोन्हीकडे साधन म्हणजे कागद आणि लेखणी. पण तिचा वापर बघा. समोरचा माणूस बोलतोय ते मोलाचं आहे, हे कोणालातरी कळलं आणि त्यानं ते टिपून ठेवलं. आज प्रत्येकाच्या खिशात त्या लेखणीपेक्षा कितीतरी ताकदीचं साधन आहे. वर्गात मात्र आपण ते फक्त ऐकवण्यासाठी वापरतो. ऐकून घेण्यासाठी वापरलं तर?

म्हणून दुसऱ्या दिवशी मी प्रोजेक्टर लावलाच नाही. पोरांना म्हटलं, केळीबद्दल घरी काय काय विचारता येईल? प्रश्न त्यांनीच काढले. कंद लावल्यापासून बाग निसवायला किती महिने लागतात? एका घडाला किती फण्या? उन्हाळ्यातलं गरम वारं लागलं तर काय होतं? व्यापारी भाव कसा ठरवतो? मग गट पाडले आणि सांगितलं, घरच्या फोनवर आजी-आजोबांची उत्तरं रेकॉर्ड करून आणा.

सगळं छान झालं असं सांगणार नाही. एका गटाचा फोन वडील सकाळीच शेतात घेऊन गेले. दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगमध्ये वाऱ्याशिवाय काही ऐकू येईना. एका तासाचा पाठ चार तास चालला, त्यावर मला बोलणीही खावी लागली. पण पोरांनी ऐकलेलं आधी अहिराणीत लिहिलं, मग पुस्तकी मराठीत. ‘निसवणं’ला पुस्तकी मराठीत काय म्हणायचं, यावर जोरदार भांडण झालं. शेवटी तोच शब्द ठेवायचा ठरलं आणि त्याचा अर्थ त्यांनीच दोन ओळींत लिहिला. तोवर वर्गात तोंड न उघडणारा एक मुलगा त्या दिवशी सगळ्यांना समजावत होता, कारण त्याचा बाप बागेत कापणीला जातो. सर्जनशीलता म्हणजे याहून वेगळं काय असतं?

हे फक्त माझंच खूळ नाही. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीचे रणजितसिंह डिसले यांना २०२० मध्ये ग्लोबल टीचर प्राइज मिळालं. तेव्हा सगळीकडे चर्चा झाली पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडची. पण त्याच कामातला आणखी एक भाग आपण विसरतो. पोरांची घरची भाषा कन्नड होती, म्हणून त्यांनी पुस्तकं आधी त्या भाषेत नेली. कोड नंतर आला, पोरगं आधी दिसलं. २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही शक्य तिथे किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेतून शिकवा असंच म्हणतं.

अडचण आहे ती आपल्या निवडीच्या पद्धतीत. पवित्र पोर्टलवरून नोकरी मिळवायची तर अभियोग्यता चाचणी द्यावी लागते. १२० मिनिटांत २०० बहुपर्यायी प्रश्न. वेग आणि अचूकता तपासायला ही परीक्षा ठीक आहे. पण समोरच्या अबोल मुलाला तुम्ही बोलतं करू शकता का, हे त्या पर्यायांत कुठे बसतं? जे तपासलंच जात नाही, त्याची तयारी कोणी करत नाही. गंमत म्हणजे, पर्याय निवडण्याचं काम यंत्र आपल्यापेक्षा लवकर करेल. मूल ओळखण्याचं काम आपल्यालाच करावं लागेल.

म्हणून पडदे काढा, फोन फेका असं मुळीच म्हणणं नाही. सातपुड्यात दोन शिक्षकी शाळेत एकाच वेळी तीन-चार वर्ग सांभाळणाऱ्या गुरुजींना एक चांगला व्हिडिओ म्हणजे मोठा आधार असतो. एका वर्गाला तो लावला की दुसऱ्याकडे लक्ष देता येतं. एआयकडूनही टाचणाचा कच्चा आराखडा खुशाल घ्या. फक्त वर्गात जाण्याआधी स्वतःला तीन प्रश्न विचारा. यात माझ्या पोरांचं गाव आहे का? हा तास संपेपर्यंत पोरं काय तयार करणार आहेत? आणि त्यांच्याकडून मला काय कळणार आहे, जे मला आज माहीत नाही?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सुचलं नाही, तर टाचण पुन्हा लिहा. या वेळी स्वतःच्या हातानं.