मींड कोणत्या बोटाची?

सिंथेसायझर घेतांना पट्ट्या किती, आवाज किती व किंमत किती, एवढे तीन प्रश्न विचारले कीं चौकशी पुरी झाली, असा समज आपल्या सुशिक्षित घरांतून रूढ होत चालला आहे. स्वर हलवावयाचा तर तो कोणत्या बोटानें, हा चौथा प्रश्न कोणीच विचारीत नाहीं. आमच्या मतें निवड ठरावी ती याच प्रश्नावरून.

१९७० च्या मिनीमूगपासून डाव्या हाताशीं चाक बसविण्याचा परिपाठ पडला. उजव्या हातानें पट्टी दाबावी, डाव्यानें चाक फिरवून सूर चढवावा. म्हणजे एका स्वराचे दोन मालक! सतारीवर ज्या बोटानें तार दाबली, तेंच ती ओढून मींड काढतें. १९८३ सालीं ठरलेल्या मिडी संकेतानें तर ही फारकत पक्की केली. एका वाहिनीवरचे सारे स्वर चाकासरशीं एकदम हलतात. दरबारीचा कोमल गांधार आंदोलित करावा, तों खालीं धरून ठेवलेला षड्जही डुलूं लागतो. ज्या संगीताचा पायाच अचल षड्ज, त्याची याहून क्रूर थट्टा कोणती?

यंत्र म्हटलें कीं असें व्हावयाचेंच, हा युक्तिवाद लटका आहे. फ्रान्समध्यें मोरीस मार्तेनो यानें १९२८ सालींच लोकांपुढें आणलेल्या वाद्यांत उजव्या हाताच्या बोटांतील कडें तारेवरून सरकवून अखंड सूर काढतां येत असे. दोष विजेचा नसून पट्टीच्या संवयीचा होता. २०१८ सालीं मान्य झालेल्या एमपीई संकेतानें प्रत्येक स्वरास स्वतंत्र वाहिनी दिली, आणि तो बहाणाही सरला.

आज निवड करावयाची ती हाताच्या पूर्वसंस्कारावरून. पियानो शिकलेल्यास ऑस्मोस जवळचें. त्याची पट्टी आडवी हलविली कीं तेवढाच स्वर लवतो. तंतुवाद्याची बोटें असतील त्यानें लिनस्ट्रुमेंट पाहावें. त्यांतील चौकोनी घरांच्या ओळी तारांसारख्या शेजारीं शेजारीं आहेत. ज्याचा कान गायकीवर पोसला, त्यास हाकेन यांचा कंटिन्युअम; त्याच्या सलग पृष्ठावर बोट आडवें सरकलें कीं सूर बदलतो, दाबलें कीं नाद वाढतो.

अशा सलग पृष्ठावर मूल बेसूर वाजवील, अशी भीति घातली जाते. व्हायोलिनलाही पडदे नाहींत. म्हणून तें कोणी माळ्यावर टाकलें नाहीं. बेसूर वाजणें हा शिकणाऱ्याचा दोष, आणि तो रियाजानें जातो. स्वर वळूंच न शकणें हा साधनाचा दोष, आणि तो रियाजानें जात नाहीं.

१९४० सालीं ऑल इंडिया रेडिओनें हार्मोनियमला बंदी केली. त्या बंदीची तरफदारी आम्ही करीत नाहीं. गोविंदराव टेंब्यांसारख्यांनीं त्याच पेटीला बोलतें केलें होतें. परंतु पेटीवाल्यापुढें दुसरा मार्ग नव्हता. आपल्यापुढें तो आहे. तरीही पेटीचेंच बंधन दामदुप्पट देऊन विकत घ्यावयाचें, याला रसिकता म्हणावें काय?

म्हणून दुकानांत एवढेंच करावें. जोडलेला सिंथेसायझर एमपीई जाणतो ना, हें आधीं विचारावें. मग एका बोटानें षड्ज धरावा, दुसऱ्यानें रिषभावरून गांधारापर्यंत मींड घ्यावी. षड्ज हलला, तर विक्रेत्यास नमस्कार करून बाहेर पडावें.