वाल्ह्याची दुपार

ज्येष्ठ लागला की आमच्या सोसायटीत दोन प्रश्न फिरू लागतात. पाऊस कधी, आणि वारीत एखादा दिवस चालायचं तर कुठून कुठे. दुसऱ्याचं उत्तर खरं तर सगळ्यांनी आधीच ठरवलेलं असतं: पुणे ते सासवड. मला विचारतात ते फक्त बूट कोणते घालू, एवढंच. यंदा मात्र दुसऱ्या मजल्यावरच्या मुलीने मनापासून विचारलं, "काका, दोनच दिवसांची रजा आहे. आधी कुठला टप्पा चालू?"

"जेजुरी ते वाल्हे. आणि दुसऱ्या दिवशी लोणंद."

तिचा चेहरा पडला. "पण दिवे घाट?"

दिवे घाटाशी माझं वैर नाही. माउलींची पालखी आळंदीहून पंढरपूरला सुमारे 250 किलोमीटर चालते, आणि त्यात पुणे-सासवड हा सगळ्यांत लांबचा पल्ला, 30 किलोमीटरच्या वर. त्या दिवशी बहुधा एकादशी असते. म्हणजे पोटात साबुदाणा, आणि वडकीची विश्रांती संपली की समोर घाट. रथाला जादा बैलजोड्या जुंपाव्या लागतात असला घाट. नवख्याने नेमकी इथूनच सुरुवात का करावी? कारण शहर जवळ आहे आणि फोटो झकास येतात. येतात हे खरं आहे. माझ्याकडेही आहेत.

मीही पहिल्यांदा तोच टप्पा चाललो. आदल्या संध्याकाळी घेतलेले बूट होते. हडपसर येईपर्यंत टाचेला फोड आला. घाटमाथ्यावरून मागे वळून पाहिलं तेव्हा वळणावळणाने पताका चढत होत्या, तेवढं डोळ्यांत आहे. सासवडला पोचलो तो अंधार पडल्यावर. कऱ्हेकाठी सोपानकाकांची समाधी आहे, तिथवर जायचंही मनात आलं नाही. मला वाहन हवं होतं, आणि त्या दिवशी घाट वाहनांना बंद असतो हे मी लक्षातच घेतलं नव्हतं. एका बंद दुकानाच्या पायरीवर बूट काढून बसलो. शेजारी टेकलेल्या आजी माझ्या पायांकडे बघत म्हणाल्या, "माउली, घाट चढाया आलता व्हय?" त्यांच्या बोलण्यात खोच नव्हती. मला लागली ती माझीच.

वारी मला दिसली ती दोन वर्षांनी, वाल्ह्याला. जेजुरीत भंडाऱ्याने पिवळं झालेलं उपरणं खांद्यावर तसंच होतं. जेजुरी-वाल्हे अंतर जेमतेम 12 किलोमीटर. दौंडजच्या खिंडीत न्याहारी. आसपासच्या गावांतून भाकऱ्या आलेल्या असतात आणि कुणी कुणाची ओळख विचारत नाही. दुपारीच तळ येतो. पायांत जोर शिल्लक, अख्खी दुपार हातात, आणि करायला काहीही नाही.

पालखी तळावर आली की समाजआरती. दिंड्या भोवती गोल करून उभ्या राहतात, टाळ वाजत असतात. चोपदार दंड वर करतो आणि एवढा मोठा समुदाय एकदम गप्प होतो. क्वचित एखाद्या दिंडीचे टाळ मात्र चालूच राहतात. त्या दिंडीची काही तक्रार असते. चोपदार तिकडे जातात, ऐकून घेतात, तोडगा निघतो, मग तेही टाळ थांबतात. त्यानंतर हरवल्या-सापडल्या वस्तू पुकारतात, उद्या निघायची वेळ सांगतात, आणि आरती. सोहळ्याला आजचं रूप दिलं हैबतबाबा आरफळकरांनी, 1832 च्या सुमारास. ते शिंद्यांच्या पदरी होते, आणि ती लष्करी शिस्त त्या उंचावलेल्या दंडात अजून दिसते. तक्रार मांडण्याची इतकी सभ्य रीत मी दुसरीकडे पाहिलेली नाही. आमच्या सोसायटीच्या सभेत सगळ्यांचेच टाळ चालू असतात.

मग राहुट्यांमधून हिंडायचं. दोरीवर लुगडी वाळत असतात, ट्रकच्या सावलीत कुणी कांदे चिरत असतं, भिशीचा हिशेब वहीत उतरत असतो. एका काकांनी माझ्या टाचेला याही वेळी आलेला लहानसा फोड पाहिला, पिशवीतून सुई-दोरा काढला, फोडातून दोरा ओवून तिथेच ठेवला. पाणी आपोआप निघून जातं म्हणाले. रात्री जवळच्याच राहुटीत कीर्तन होतं. मी अर्ध्यातच झोपलो, कुणी उठवलं नाही. सासवडच्या त्या पायरीवर यातलं काय मिळणार होतं? संध्याकाळपर्यंत माणूस संपलेलाच असतो तिथे.

दुसऱ्या दिवशीचा पल्ला 20 किलोमीटरचा, पण तोवर दिंडीची चाल पायांत मुरलेली असते. वाटेत नीरेच्या दत्त घाटावर पादुकांना स्नान, आणि नदी ओलांडली की सातारा जिल्हा. जेजुरी, वाल्हे, नीरा, लोणंद ही चारही स्टेशनं पुणे-मिरज लोहमार्गावर आहेत. रजा संपली तर लोणंदहून गाडीत बसायचं, घाट उघडायची वाट बघत बसायचं नाही. हे कारण भक्तीचं नाही, कबूल. पण दोन दिवसांच्या रजेवर निघालेल्याने वेळापत्रकाला नाक मुरडू नये.

"मग लोणंद ते तरडगाव का नको? ते तर आठच किलोमीटर," ती म्हणाली. मुलीने नकाशा पाहिला होता तर. त्या वाटेवर चांदोबाचा लिंब आहे, सोहळ्यातलं पहिलं उभं रिंगण तिथे होतं. म्हणूनच नको. गर्दीत मागे राहिलात तर लोकांच्या पाठीच दिसतात, आणि पुढे गेलात तर दिवसभर डोळे अश्वाकडे. रिंगण दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी पाहावं. तुकोबांच्या वाटेबद्दलही तिने विचारलं. त्या वाटेवर मी एकदाच चाललोय, यवतच्या पिठलं-भाकरीची चव तेवढी अजून आठवते. सल्ला द्यायला ते पुरेसं नाही.

तिने मोबाइलवर लिहून घेतलं: जेजुरी, वाल्हे, लोणंद. खाली लिहिलं, घाट पुढच्या वर्षी. जिना उतरता उतरता थांबली आणि शेवटी तोच प्रश्न, "काका, बूट कोणते घालू?"

"जुने. आणि सुई-दोरा घे."