पालावरच्या लेकराचा देश कोणता?

देश नसलेली माणसे म्हटले की आपल्या डोळ्यांसमोर म्यानमारमधून हुसकावलेले रोहिंग्या येतात. फार तर आसाम आठवतो. तेथे ३१ ऑगस्ट २०१९ रोजी नागरिक नोंदवहीच्या अंतिम यादीतून १९ लाख ६ हजार ६५७ माणसे वगळली गेली. हे सारे दूरचे दुखणे आहे, आपल्याकडे तसले काही नाही, अशी आपण समजूत करून घेतली आहे. ती खोटी आहे, असे आम्ही स्पष्टपणे सांगू इच्छितो.

धाराशिव जिल्ह्यातील भूम, वाशी, परंडा हा कोरडवाहू टापू. भूम तालुक्यातील ईटसारख्या गावांच्या परिसरातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मुकादमाची उचल अंगावर असते, म्हणून पोटुशी बाईसुद्धा कोयता घेऊन फडात उभी राहते. तिचे बाळंतपण सांगलीच्या कोपीवर होते, नाही तर सीमेपलीकडे कर्नाटकात. जन्माची नोंद मात्र कायद्याप्रमाणे जेथे जन्म झाला तेथेच होते. २१ दिवसांत केली तर फुकट; वर्ष उलटले तर दंडाधिकाऱ्याचा आदेश लागतो. टोळी आज एका फडात, उद्या दुसऱ्या. पट्टा पडल्यावर गावी परतलेल्या आईला ग्रामसेवक सांगतो, जन्म आमच्या हद्दीत नाही. तिकडचा म्हणतो, तुम्ही आमच्या गावचे नाही. दोघेही नियमाने बरोबर, आणि लेकरू दोन्हीकडून बेदखल! पालावर राहणाऱ्या पारधी, डोंबारी, वडार, नाथजोगी यांचे तर गावच ठरलेले नसते. त्यांच्या लेकराची नोंद कोणी करायची?

हे लेकरू कायद्याने देशहीन नाही. ते भारतीयच आहे. पण भारतीय असणे आणि ते सिद्ध करता येणे या दोन गोष्टींत आज मोठे अंतर पडले आहे. १ जुलै १९८७ पूर्वी या भूमीवर जन्मलेला नागरिक होता. पुढे आई-बापांपैकी एक जण नागरिक असणे आवश्यक झाले. ३ डिसेंबर २००४ पासून जन्मलेल्यांसाठी दोघेही नागरिक हवेत, किंवा एक नागरिक आणि दुसरा बेकायदा स्थलांतरित नसलेला हवा. म्हणजे लेकराचे नागरिकत्व आई-बापाच्या कागदावर येऊन टेकले. ज्या आई-बापाकडेच कागद नाही, त्यांनी काय दाखवायचे?

त्यात २०२३ ची दुरुस्ती आली. १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्यांसाठी शाळाप्रवेश, मतदार यादी, आधार, सरकारी नोकरी या कामांना जन्मदाखला हाच जन्मतारखेचा आणि जन्मस्थळाचा पुरावा झाला. ही लेकरे २०२९-३० च्या सुमारास पहिलीच्या दारात उभी राहतील. २००९ चा शिक्षण हक्क कायदा सांगतो की वयाचा पुरावा नाही म्हणून कोणाही बालकाला प्रवेश नाकारता येणार नाही. या दोन कायद्यांच्या कात्रीत कोणाचे बोट सापडणार, हे सांगायला ज्योतिषी नको.

उशिराच्या नोंदीची वाट तरी मोकळी ठेवायची! पण जानेवारी २०२५ मध्ये राज्य सरकारने असे दाखले देणे थांबवले आणि मार्चमध्ये कडक कार्यपद्धती आणली. कारण सांगितले बांगलादेशी घुसखोरांचे. खोटे दाखले देणाऱ्यांवर खुशाल कारवाई करा. पण संशयाची चाळणी लागली की पहिला अडकतो तो या मातीतलाच कागद नसलेला माणूस.

या माणसांकडे कागद का नाहीत, हे शासनाला चांगले ठाऊक आहे. १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने अनेक जमातींना जन्मजात गुन्हेगार ठरवले. सोलापूरला तारेच्या कुंपणात त्यांची वसाहत होती. तेव्हा त्यांची नावे नोंदवली जात होती, अंगठे घेतले जात होते, हजेरी लागत होती. म्हणजे पाळत ठेवायची होती तेव्हा शासनाला त्यांची नोंद जमत होती. हक्क द्यायची वेळ आली तेव्हा जमेना! हा कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला. आणि आज जातीच्या दाखल्यासाठी अनुसूचित जमातीला १९५० चा, विमुक्त-भटक्यांना १९६१ चा वास्तव्याचा पुरावा मागतात. जो १९५० साली कुंपणात होता, त्याने सातबारा कोठून आणायचा?

१९३१ साली बाबासाहेबांनी गांधीजींना तोंडावर सांगितले होते की आपल्याला मायभूमी नाही. त्याच बाबासाहेबांनी पुढे घटना लिहून प्रत्येकाला देश मिळवून दिला. नागरिकत्वाची कलमे तर इतर बहुतेक कलमांच्या आधी, २६ नोव्हेंबर १९४९ लाच अमलात आली. बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय कराराचे सातवे कलम सांगते की जन्मताच नोंद, नाव आणि राष्ट्रीयत्व हा बालकाचा हक्क आहे. भारताने १९९२ साली हा करार स्वीकारला. तो कागदावर राहिला आहे.

आमची मागणी साधी आहे. गाळप हंगामात साखर कारखान्याच्या हद्दीतील ग्रामसेवकाने व आशाताईंनी कोपीवर जाऊन जन्म नोंदवावा आणि कारखान्याला त्याची खबर देणे बंधनकारक करावे. मागे राहिलेल्यांसाठी तालुक्याच्या ठिकाणी नव्हे, वस्तीवर शिबिरे लावावीत. कागद नसेल तेथे अधिकाऱ्याने पालावर जाऊन चौकशी करावी. माणसाला पुरावा आणायला पिटाळू नये.

आणि शासनाची वाट पाहत बसू नका, हे आमचे समाजातील शिकलेल्या तरुणांना सांगणे आहे. जयंतीला निळे झेंडे लावणारे हात एक अर्जही भरू शकतात. टोळी निघण्याआधी पोटुशा बायकांची यादी करा, परतल्यावर लेकरांच्या दाखल्यांचा पाठपुरावा करा. बाबासाहेबांनी घटनेत दिलेले नागरिकत्व कोपीवर जन्मलेल्या लेकराच्या हाती पडेपर्यंत त्यांचे काम संपलेले नाही.