दुसऱ्या वाढदिवसाच्या आत

नुकत्याच जन्मलेल्या बाळाची लांबी सुमारे ५० सेंटीमीटर असते. पहिल्या वर्षात तीत सुमारे २५ सेंटीमीटरची भर पडते, दुसऱ्या वर्षात बाराएक सेंटीमीटरची. विद्यार्थी मित्रांनो, वाढीचा हा वेग पुढे कधीच लाभत नाही. तुमच्या आताच्या वयातही नाही. नेमक्या याच काळात आहार अपुरा पडला, वरचेवर जुलाब झाले किंवा गरोदरपणी आईच अर्धपोटी राहिली, तर बाळाची वाढ खुंटते. पुढे ती भरून काढणे फार कठीण.

“आमच्या घरात सगळेच बुटके,” असे म्हणून पुष्कळजण विषय संपवितात. परंतु जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह सहा देशांतील सुपोषित बालके मोजली, तेव्हा ती जवळजवळ सारखीच वाढत असल्याचे आढळले. त्या प्रमाणानुसार दोन वर्षांची मुलगी सुमारे ८० सेंटीमीटरपेक्षा कमी भरली, तर तिची वाढ खुंटली असे समजतात.

हे टाळता येते का? महाराष्ट्राने ते करून दाखविले आहे. २००५ साली राज्यात राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशन सुरू झाले आणि गरोदर माता व दोन वर्षांखालील बालके यांच्याकडे मुद्दाम लक्ष पुरविले गेले. २००५-०६ मध्ये या वयाच्या शंभरांतील ३९ बालकांची वाढ खुंटलेली होती. २०१२ च्या पाहणीत सुमारे २३ बालकांची. पुढे मात्र गाडी अडली. पाच वर्षांखालील बालकांत हे प्रमाण २०१५-१६ मध्ये सुमारे ३४ टक्के होते, २०१९-२१ मध्ये ३५!

माझ्या मते आपण ताट वाढतो ते उशिरा. तीन वर्षांवरील मुलाला अंगणवाडीत गरम आहार मिळतो. त्याहून लहानासाठी शिधा घरी जातो आणि घरातल्या सगळ्यांत वाटला जातो. (त्यात आईचा दोष काय?) आदिवासी भागांत २०१५ पासून अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे पूर्ण जेवण देण्यात येऊ लागले. शहरांतील झोपडपट्ट्यांतही असे ताट का असू नये?

आणि मोजमाप? वजनाइतकी लांबीही दरमहा काटेकोरपणे नोंदली पाहिजे. काम जरा खटपटीचे आहे खरे: बाळ पाटीवर निजवून एकाने डोके धरायचे, दुसऱ्याने गुडघे अलगद सरळ करायचे आणि ते रडून हातपाय झाडण्याच्या आत आकडा वाचायचा.