शब्दाला जागणे

गेल्या दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून जुन्या डायऱ्यांचा एक गठ्ठा खाली आला. कुणी बँकेने दिलेल्या, कुणी औषध कंपनीने. दरवर्षी फुकट मिळालेल्या आणि दरवर्षी मोठ्या उमेदीने उघडलेल्या. जवळजवळ प्रत्येकीच्या पहिल्या पानावर ठळक अक्षरांत ‘या वर्षीचे संकल्प’ आणि खाली अनुक्रमांक. ‘पहाटे उठून फिरायला जाणे’ हा संकल्प १९९४ च्या डायरीत पहिल्या क्रमांकावर आहे, १९९८ मध्ये तिसऱ्या आणि २००५ मध्ये पुन्हा पहिल्या. एकाही डायरीत माझे अक्षर जानेवारीच्या मध्यापलीकडे गेलेले नाही. पुढच्या पानांवर दुधाचा आणि इस्त्रीचा हिशेब आहे. तो पत्नीच्या अक्षरात, आणि डिसेंबरअखेरपर्यंत बिनचूक.

ही गत माझ्या एकट्याची नाही. जॉन नॉरक्रॉस या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८० च्या दशकात नववर्षाचा संकल्प करणाऱ्या २०० जणांचा दोन वर्षे मागोवा घेतला होता. आठवडाभराने ७७ टक्के लोक संकल्पावर टिकून होते. दोन वर्षांनी उरले १९ टक्के. म्हणजे सातासमुद्रापलीकडेही डायऱ्यांची कथा साधारण अशीच.

यात दोष निव्वळ आळसाचा आहे असे मला वाटत नाही. संकल्प हा शब्द आपला, पण एक जानेवारीला आपण जो करतो त्याचा घाट आपला नाही. पूजेला बसताना हातात पाणी घेऊन जो संकल्प सोडतात, त्यात स्थळ, काळ आणि हेतू यांचा उच्चार असतो. तो त्या बैठकीपुरता असतो. व्रतांनाही मुदत असते. सोळा सोमवार सोळाच असतात, सतराव्या सोमवारी उद्यापन. चातुर्मासातला कांदा-लसूण सोडण्याचा नेम कार्तिकीला संपतो. जानेवारीच्या संकल्पाला ना मुदत, ना उद्यापन. त्याला एकच शेवट ठाऊक असतो, तो म्हणजे मोडणे. आणि एकदा मोडला की मन लगेच वकिली करते : आता मोडलाच आहे, तर उद्या तरी कशाला उठायचे?

यावर उपाय म्हणून संकल्पांची यादी सोडून वर्षासाठी एकच शब्द निवडायची रीत काही वर्षांपूर्वी अमेरिकेतून आपल्याकडे आली. धैर्य, साधेपणा, विश्रांती, असा एखादा शब्द घ्यायचा आणि वर्षभर त्याच्या उजेडात चालायचे. प्रथम ऐकले तेव्हा मी हसलो होतो. मग वाटले, यात आपल्याला नवे ते काय? आपल्या पंचांगातले प्रत्येक वर्ष नाव घेऊनच येते. प्रभवापासून क्षयापर्यंत साठ संवत्सरांची माळ आहे. शके १९४२, म्हणजे २०२०-२१, हे शार्वरी संवत्सर होते. शार्वरी म्हणजे रात्र. टाळेबंदीत घरात बसून ज्याने पंचांग उघडले असेल, त्याला ते नाव नक्कीच टोचले असेल. पण शके १९४८ चे नाव पराभव आहे म्हणून त्या वर्षी कुणी परीक्षेला बसायचे टाळत नाही. संवत्सराचे नाव पाळीने येते. आपण ते निवडत नाही आणि त्याला बांधीलही नसतो.

माणसाला बांधणारा शब्द कसा असतो ते पाहायचे तर पंढरीच्या वाटेवर जावे. गर्दीत धक्का लागतो, पाय तुडवला जातो, आणि वारकरी समोरच्याला म्हणतो, ‘माउली’. ‘मी रागावणार नाही’ असा संकल्प करून तो घरून निघालेला नसतो. पण समोरच्याला माउली म्हटल्यावर लगोलग शिवी देणे कठीण जाते. शब्द आधी तोंडात येतो, वागणे त्याच्या मागून येते. अर्थात गळ्यातली माळ आणि एकादशीचा नेमही सोबत असतोच. मुख्य म्हणजे तो शब्द एकट्याचा नसतो. समोरचाही तुम्हाला तेच म्हणतो.

माझ्या शब्दाची गोष्ट सांगायला थोडी जड जाते. आई शेवटच्या वर्षांत त्याच त्या आठवणी पुन्हा पुन्हा सांगे. माहेरची विहीर, थोरल्या मामाचा अबोला, लग्नातला पाऊस. मी वर्तमानपत्रातून डोके न काढता म्हणायचो, ‘आई, हे सांगून झालंय.’ पुढे तिने सांगणे सोडले. त्याचे तेव्हा मला बरे वाटले होते. ती गेल्यावर मुलीने विचारले, ‘बाबा, आजीच्या मामाने अबोला का धरला होता?’ मला सांगता येईना. पन्नास वेळा कानावरून गेलेली गोष्ट मी एकदाही ऐकली नव्हती. त्या जानेवारीत डायरीच्या पहिल्या पानावर मी यादी केली नाही. एकच शब्द लिहिला : ऐकणे.

या रीतीवर एक आक्षेप आहे आणि तो खरा आहे. संकल्प मोडला तर निदान कळते. सहा वाजता उठलो की नाही, याला घड्याळ साक्षी असते. शब्दाला असा साक्षीदार नाही. ‘साधेपणा’ हा शब्द घेऊन वर्षभर खरेदी करता येते आणि डिसेंबरात समाधानाने म्हणता येते, की मी त्या दिशेने वाटचाल केली. जो मोडतच नाही, तो पाळला असे तरी कसे म्हणावे? मलाही पहिले दोन महिने हाच अनुभव आला. शब्द डायरीत सुरक्षित होता आणि मी होतो तसाच होतो.

फरक पडला तो घरच्यांना तो शब्द सांगितल्यावर. मराठीत संकल्प करतात, पण शब्द देतात. देण्याला घेणारा लागतो. शब्द पाळणे, शब्द फिरवणे, शब्दाला जागणे, या साऱ्यांत समोर दुसरे कुणीतरी उभे असते. मार्चमध्ये मुलीने नोकरी सोडायचा विषय काढला, तेव्हा तिचे वाक्य संपायच्या आत माझे उत्तर तयार होते. ती एवढेच म्हणाली, ‘बाबा, शब्द.’ राग आला. पण गप्प बसलो. पुढचा अर्धा तास ती जे बोलली, ते माझ्या उत्तरात कुठेच बसत नव्हते.

त्यानंतरही मी कितीदा तरी चुकलो. पण प्रत्येक चुकीनंतर शब्द जागच्या जागी होता. संकल्पासारखा तो फुटला नाही, आणि घरात त्याची आठवण करून देणारी दोन माणसे होती. म्हणून नव्या वर्षासाठी शब्द जरूर निवडावा, पण डायरीत लिहून मिटून ठेवू नये. ज्याच्याशी आपण त्या बाबतीत सर्वांत वाईट वागतो, त्याच्याच हाती तो द्यावा, आणि आपल्याला टोकायचा हक्कही द्यावा.

मला तो ज्या माणसाला द्यायला हवा होता, ते माणूस आता नाही. तुमचे असेल, तर जानेवारीची वाट पाहू नका.