आधी आपला पत्ता शिकवू या

राजधानी मुंबईत मुंबई शहर आणि मुंबई उपनगर असे दोन जिल्हे आहेत, हे मुलं घडाघडा सांगतात. पण फॉर्म भरताना नालासोपाऱ्यातलं मूल आपला जिल्हा अजून 'ठाणे' लिहितं! घरातल्या जुन्या कागदांवर तेच असतं ना. १ ऑगस्ट २०१४ पासून आपला जिल्हा पालघर. त्याच्या आठ तालुक्यांपैकी आपला वसई. वसई-विरार महानगरपालिका २००९ ची, तिच्या नऊ प्रभाग समित्या. हे नुसतं पाठ करून काय उपयोग? गटार तुंबलं तर प्रभाग कार्यालय, उत्पन्नाचा दाखला हवा तर तहसील कार्यालय, एवढं कळलं तरी पालकांच्या चकरा वाचतील. म्हणून नागरिकशास्त्राचा पहिला धडा घराच्या पत्त्यापासूनच सुरू व्हावा.