मोबाईलवरचा निवाडा आम्हाला मान्य नाही!

सीमाभागातील मराठी बंधू-भगिनींनो,

आपला सीमालढा कशावर उभा आहे? १७ जानेवारी १९५६ ला बेळगावात आपल्या माणसांनी गोळ्या झेलल्या. २००४ साली महाराष्ट्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले. तारखांवर तारखा पडल्या, तरी आपली भिस्त घटनेवर आणि न्यायालयावरच आहे. मग आपल्याच मुलखात कोणी स्वतःच फिर्यादी, स्वतःच न्यायाधीश आणि स्वतःच जल्लाद होत असेल, तर आम्ही मूग गिळून बसायचे काय?

निपाणीहून कोल्हापूर ते किती लांब? जून २०२३ मध्ये तिथे काही पोरांच्या मोबाईल स्टेटसवरून वणवा पेटला. गुन्हे नोंदवायला पोलीस होते. तरीही जमाव रस्त्यावर उतरला, दुकानांवर दगड पडले, लाठीमार झाला, इंटरनेट बंद करावे लागले. ज्यांची दुकाने फुटली, त्यांनी ते स्टेटस ठेवले होते काय?

आपल्या जिल्ह्याचे काय? सप्टेंबर २०२१ मध्ये खानापूरला रेल्वे रुळावर एका मुस्लिम तरुणाचे शिर तुटलेले प्रेत सापडले. त्याचे हिंदू मुलीवर प्रेम होते. पोलिसांनी दहा जणांना अटक केली, त्यांत मुलीचे आईवडीलही होते. जुलै २०२५ मध्ये सौंदत्ती तालुक्यातील हुलीकट्टीच्या सरकारी शाळेत पाण्याच्या टाकीत विष कालवले गेले. मुस्लिम मुख्याध्यापकाची बदली व्हावी म्हणून हे केले, असे पोलीस सांगतात. ते पाणी प्यायली कोणाची पोरे? गावचीच! याला धर्मरक्षण म्हणायचे?

कोणी म्हणेल, समोरच्यांनी आगळीक केली तर? आगळीक कोणाचीही असो, हिंदूची वा मुसलमानाची, त्याला पोलीस ठाणे आहे, कोर्ट आहे. ठाण्यात तक्रार घेत नसतील तर आपण शंभर जण सोबत जाऊ. पण कायदा हातात घेणाऱ्याला आमची साथ नाही.

आपली रीत वेगळी आहे. निपाणीचा दस्तगीर साहेबांचा उरूस सुरू केला तो संत बाबामहाराज चव्हाणांनी. २०२३ साली अनंत चतुर्दशी आणि ईद-ए-मिलाद एकाच दिवशी आली, तेव्हा बेळगावच्या मुस्लिम समाजाने आपली मिरवणूक पुढे ढकलली. हे कोणत्या सरकारी हुकमाने झाले नाही, शेजारधर्माने झाले.

म्हणून पिढ्यान्‌पिढ्या इथे नांदलेल्या घरांना आमचे सांगणे आहे. भडक मजकूर आला की पुढे ढकलू नका, आधी शेजारच्या मोहल्ल्यातल्या ओळखीच्या माणसाला फोन लावा. गणेश मंडळे आणि मोहल्ल्यातील पंच यांनी सण येण्याआधीच एकत्र बसावे. घरातल्या तरुणांना बजावा, की चिथावणी देणारा पुढारी जामिनाला उभा राहत नाही. कोर्टाच्या पायऱ्या आईबापच झिजवतात.

जो समाज स्वतःसाठी न्याय मागतो, त्याने दुसऱ्यावर अन्याय होऊ देता कामा नये!

जय महाराष्ट्र!